संताजींची पानं

इंदूरच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला लोक भाषणं ऐकायला येत नसत. गाण्यांसाठीही येत नसत, कारण गाणी दरवर्षी तीच आणि गाणारेही तेच. लोक यायचे ते सगळ्यात शेवटी मांडल्या जाणाऱ्या दोन खुर्च्यांसाठी. एका खुर्चीवर संताजी खराडे, दुसरीवर त्यांची बायको लीला, समोर पांढरी चादर घातलेलं मेज, आणि वर्षभरात घरात घडलेली एखादी साधी गोष्ट दोघांच्या तोंडून. स्कूटर घेतली ती गोष्ट, लेकीचं लग्न ठरलं ती गोष्ट, एकदा तर नुसता गॅसचा सिलेंडर संपल्याची गोष्ट. आधी ते आपली बाजू वाचणार, मग ती आपली, मग पुन्हा ते. तेही ‘मी’ म्हणणार, तीही ‘मी’ म्हणणार, आणि ऐकणाऱ्याला वाटावं, हे दोघं एकाच घरात राहतात की नाही!

संताजींचा ‘मी’ म्हणजे धमाल. बिजली विभागात उभा जन्म लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेलेला माणूस तो, निम्मी इंदुरी, निम्मी माळवी आणि उरलीसुरली मराठी अशी त्यांची भाषा. त्यांनी ‘भिया’, म्हणजे इंदुरी भाऊ, म्हणून नुसता श्वास घेतला तरी पहिली रांग हसायला लागायची. लीलाचा ‘मी’ गंभीर. ती नगर निगमात जन्म-मृत्यूच्या नोंदी करायची, त्यामुळे असेल, पण तिचं लिहिणं नेमकं, शांत आणि शेवटी कुठेतरी आत लागणारं. लोक संताजींना हसायचे आणि लीलाला ऐकून डोळे पुसायचे. अशी वाटणी कोणी बसून ठरवली नव्हती. पहिल्या वर्षी तशी झाली आणि मग तीच पद्धत पडून गेली.

त्यांचे दोन नियम मात्र पक्के होते. एक म्हणजे दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून लिहायचं आणि एकमेकांच्या पानांना हात लावायचा नाही. संताजींची पानं निळ्या फायलीत, लीलाची साध्या पुठ्ठ्यात. दुसरा नियम मेजाखालचा. लीला नेहमी त्यांच्या उजव्या हाताला बसायची. संताजी रंगात आले की त्यांना थांबवणं मुश्किल, एका विनोदाचे चार करायचे. मग ती चादरीआडून आपला पाय त्यांच्या पायावर ठेवून दाबायची. म्हणजे बस झालं, आता माझी पाळी. ते लगेच थांबायचे. लोकांना वाटायचं, काय टायमिंग आहे माणसाचं! अहो, ते टायमिंग नव्हतं, तो लीलाचा पाय होता.

गेल्या श्रावणात संताजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी मितालीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, बाजूला घेऊन समजावून सांगितलं की बाबांना कळतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. तीन शब्द तेवढे उरले. ‘नाही’, ‘बस’ आणि ‘भिया’. चहा हवा असला तरी भिया, पंखा बंद करायचा तरी भिया. सुरुवातीला घरच्यांना हसू यायचं. मग ते यायचं बंद झालं.

डिसेंबरात मंडळाचे सेक्रेटरी बंडू सरमंडल यांचा फोन आला. बंडूजी मनाचे चांगले, पण बोलण्याचा पोच शून्य. म्हणाले, की भाभी, यंदा आपण संताजींचा जुना व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावू, लोक हसतील, श्रद्धांज... म्हणजे सन्मान पण होईल. लीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस समोरच्या पलंगावर बसलेला, टक लावून तिच्याकडे बघणारा, आणि याला पडदा सुचतो! तिने बंडूजींना एवढंच सांगितलं की दोन्ही खुर्च्या मांडा, आम्ही दोघं येतोय.

फोन ठेवला. येतोय खरं, पण वाचायचं काय? ती पलंगाजवळ जाऊन बसली. तिने संताजींना सांगितलं की यंदाची गोष्ट आजारपणाची. तुमची पानंही मीच लिहिणार आणि मीच वाचणार, पण तुम्ही मान डोलावल्याशिवाय एक ओळ वाचायची नाही. व्हिडिओतला माणूस काय, कुणाच्याही परवानगीशिवाय बोलतो. तुम्ही तसे नाही. संताजींनी डावा हात उचलून तिच्या हातावर ठेवला. तिला वाटलं, झालं, अर्धं काम झालं.

कसलं अर्धं! तिथूनच घोडं अडलं. लालबागच्या मागच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये तिने आधी स्वयंपाकघरात बसून आपली पानं लिहिली. ती सरळ उतरली. मग निळी फाईल घेऊन ती बाहेरच्या खोलीत, संताजींच्या जागेवर जाऊन बसली. खोली बदलली की माणूस बदलेल असं तिला वाटलं असावं. रविवारी मिताली आली, सोबत पोहे-जलेबी घेऊन. विजयनगरला कसल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत असते ती, मराठीचे तिचे निम्मे शब्द हिंदीने खाऊन टाकलेत, पण कान बापाचा. तिने दोन्ही ऐकलं आणि जलेबीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली,

“आई, बुरा मत मान, पण हे दोघंही तूच बोलते आहे. बाबांनी कधी ‘तथापि’ म्हटलं होतं का?”

लीलाला राग आला, पण पोरगी खोटं बोलत नव्हती. इतक्या वर्षांत तिने संताजींना ऐकलं होतं ते पाय दाबण्यापुरतं, कधी थांबवायचं ते बघण्यापुरतं. ते वाक्य कसं सुरू करतात, कुठे श्वास घेतात, हे तिला ठाऊक होतं असं तिला वाटायचं. लिहायला बसल्यावर कळलं, की ठाऊक नव्हतं. मग तिने नाही नाही ते केलं. त्यांचे जुने कार्यक्रम मोबाईलवर लावून ऐकले. सियागंजात त्यांच्या एका दोस्ताचं किराण्याचं दुकान आहे, तिथे ते रोज टेकायचे, तर तिथे जाऊन तासभर नुसती बसून आली. तिथली बोली कानात भरून घेतली आणि घरी येऊन परत लिहिलं.

यावेळी संताजी अवतरले. अगदी हुबेहूब. “दवाखान्यात मला विचारलं, नाव? मी गप्प. उम्र? मी गप्प. नर्स म्हणाली, पेशंट कोऑपरेट नहीं कर रहा. अरे भिया, बिजली विभागातला माणूस आहे मी, समोरचा कितीही बोंबलला तरी गप्प बसायचीच तर पगार घेतली ना!” आणि पुढे मुगाच्या खिचडीची गोष्ट. त्यांना खिचडीवर भुरभुरायला जीरावन मसाला हवा होता, शब्द निघेना, म्हणून त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं, की जा, बाहेरून आणा. तर वॉर्डबॉयने उठून खिडकी बंद केली. मितालीने फोनवर हे ऐकलं आणि ती हसता हसता रडायला लागली. बाबा, हे बाबाच आहेत, असं ती सारखी म्हणत राहिली. लीलाला स्वतःचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगायचं, वाटला.

दुसऱ्या दिवशी तिने ती पानं संताजींना वाचून दाखवली. नीट खुर्चीत बसवून, शाल पांघरून, स्वतः उजवीकडे बसून. तिने सगळे आवाज काढले, हात हलवले. संताजींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी ते म्हणाले,

“नाही.”

तिने विचारलं, फार लांबलं का? नाही. दवाखाना नको का, दुसरं काही घेऊ? नाही. विनोद बरोबर नाहीत का? त्यावर त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. तिने विनोद बदलले. दवाखाना काढून फिजिओथेरपीवाल्याला घातलं. ते काढून बंडूजींच्या त्या ‘श्रद्धांज’ला घातलं, तेव्हा तिला स्वतःलाच इतकं हसू आलं की वाचता येईना. पण त्यांचं आपलं नाही, नाही आणि नाही. संक्रांत चार दिवसांवर आली आणि तिने हात टेकले. एका दुपारी तिचा तोल सुटला. निळी फाईल त्यांच्या मांडीवर टाकून ती म्हणाली, की मग स्वतः लिहा ना! मी काय अंतर्यामी आहे? संताजींनी डाव्या हाताने फाईल सरळ केली, तिचे कोपरे जुळवले आणि मांडीवर तशीच ठेवली. लीला स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. या माणसाला रागावण्याचीसुद्धा सोय उरली नव्हती, कारण तो उलटून बोलू शकत नव्हता, आणि उलटून न बोलणाऱ्यावर रागावणं म्हणजे लहान पोराला मारण्यासारखं.

त्या दुपारी भांडी घासताना तिला तुकोजीचं वर्ष आठवलं. तुकोजी म्हणजे संताजींचा धाकटा भाऊ. मल्हारगंजातल्या घरात दोघं एका ताटात जेवून वाढलेले. तो अचानक गेला त्या वर्षी संताजी म्हणाले होते की यंदा माझं जरा वेगळं आहे. लीलाने नियमाप्रमाणे विचारलं नाही. संक्रांतीला मेजाशी बसून त्यांनी पहिली ओळ वाचली, “माझा भाऊ मला न विचारता गेला.” आणि हॉल हसला. कुणाचा दोष नव्हता. संताजी बोलले की हसायचं, ही लोकांची सवय. संताजींनी समोरचं पान उलटं ठेवलं आणि ते पाठ केल्यासारखं तुकोजीच्या भांडकुदळपणाचे किस्से सांगत सुटले. लोक पोट धरधरून हसले. लीलाला ते लांबलंय असं वाटलं, म्हणून तिने पाय दाबला. ते उलटं ठेवलेलं पान तिने नंतर कधी मागितलं नाही आणि त्यांनीही कधी दाखवलं नाही.

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. पण आठवलं म्हणून समजतंच असं थोडंच आहे? तिला एवढंच वाटलं की काहीतरी राहून गेलंय.

सकाळी तिने ठरवलं की आता शेवटचं एकदा सगळं वाचायचं, त्यांचंही आणि आपलंही, जसं स्टेजवर वाचतात तसं. आणि परत नाही म्हणाले तर बंडूजींना फोन करून सांगायचं, की लावा तुमचा पडदा. संताजी उन्हात बसले होते. तिने त्यांची पानं वाचली. ते ऐकत नव्हतेच. तिने सवयीने पाय त्यांच्या पायावर ठेवून दाबला, की अहो, लक्ष आहे का? मग तिच्या लक्षात आलं की तो उजवा पाय. त्याला काही कळत नाही. तिने गुपचूप पाय मागे घेतला आणि आपला पुठ्ठा उघडला.

तिची पानं तिने आजवर त्यांना ऐकवलीच नव्हती. ती त्यांच्याकडे न बघता, खालमानेने वाचायला लागली.

“संध्याकाळी मला भीती वाटते. या घरात बोलणारं एक माणूस होतं, ते गेलं. समोरचं माणूस माझ्याकडे बघतं, मी त्याच्याकडे बघते. काय म्हणायचंय ते दोघांनाही माहीत असतं, आणि घरात कुणीच बोलत नाही. लोक येतात, माझ्याशी मोठ्याने बोलतात, जशी काही मी बहिरी झाले. जाताना म्हणतात, हिंमत ठेवा. मला हिंमत नको आहे. मला माझं माणूस परत पाहिजे, जुनं, भांडणारं.”

तिच्या हातातली पानं हलली. तिने वर पाहिलं. संताजी पुढे झुकले होते, खुर्चीतून पडतील इतके, आणि त्यांच्या डाव्या हाताने पानांचा कोपरा पकडला होता. त्यांनी ओढलं. ती घाबरली, तिने सोडलं. त्यांनी ती पानं मांडीवर घेतली, खूप वेळ खटपट करून निळी फाईल उघडली, आतली विनोदाची पानं जमिनीवर पाडली आणि ही तिची पानं फायलीत घातली. मग फायलीवर तळहात ठेवून त्यांनी तोंड उघडलं. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा फुगल्या.

“मी,” संताजी म्हणाले. “हे... मी.”

श्रावणापासून त्या तीन शब्दांपलीकडे पहिल्यांदाच काही आलं होतं. तिला संध्याकाळची भीती वाटायची तेव्हा पलंगावरचा माणूसही तीच भीती घेऊन बसलेला होता. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलायचे, ते बहिरे असल्यासारखे, हे तर तिने स्वतः पाहिलं होतं. तरी लिहिताना ते दुःख तिने आपल्या पुठ्ठ्यात ठेवलं आणि त्यांच्या फायलीत खिचडी टाकली! आजारी ते, वाचा त्यांची गेली, आणि रडायचा हक्क मात्र बाईसाहेबांनी घेतला. तुकोजीच्या वर्षीचं ते उलटं पान आता तिला न वाचता वाचता आलं. ती खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. तेही रडले.

मग त्यांनी बोटाने जमिनीवर पडलेली पानं दाखवली आणि तेच बोट तिच्याकडे केलं. विनोदाची पानं तुझी.

“मला कधी तरी हसवता आलंय का हो लोकांना?” लीलाने विचारलं.

संताजींनी डावा खांदा उडवला. म्हणजे ते तू बघ.

तिने रात्रंदिवस नाही, पण पुढचे दिवस त्यातच घातले. त्यांची पानं जवळजवळ तशीच राहिली. बोलणारं माणूस गेलं, हे आता त्यांनी स्वतःबद्दल म्हटलेलं झालं, आणि बाईच्या जागी पुरुष आला, एवढंच. आपली मात्र तिने नव्याने लिहिली. संताजींची उधारीची इंदुरी त्यात चालेना, ती काढून टाकली. नोंदीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला जसा कोरडा विनोद सुचेल तसा तिने लिहून पाहिला. मितालीला ऐकवला नाही. धीर झाला नाही.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला होता. बाहेर गराडूच्या कंदाचे काप तळायला कढया चढलेल्या, आत तिळगुळ वाटून झालेला. बंडूजी आणि मितालीच्या नवऱ्याने, अश्विनने, संताजींना चाकांच्या खुर्चीतून वर घेतलं आणि मेजामागच्या खुर्चीवर नीट बसवलं. लीलाने दुसरी खुर्ची स्वतः उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डाव्या हाताला ठेवली. बंडूजींनी माईकवर सांगितलं की पहिली पाळी आपल्या लाडक्या संताजींची, आवाज लीलाभाभींचा.

तिने निळी फाईल उघडली. “संध्याकाळी मला भीती वाटते,” तिने वाचलं, आणि हॉल हसला.

तेच, तुकोजीच्या वर्षीचं. तिने संताजींकडे पाहिलं. त्यांनी पान उलटं ठेवलं नाही, ठेवू शकतही नव्हते. ते लोकांकडे सरळ बघत बसले, वाकडं तोंड, गळणारे ओठ, आणि डोळे पाण्याने भरलेले. हसणं पुढच्या रांगेपासून मागे विझत गेलं. मागे कोणी तरी एकटंच थोडं जास्त हसलं आणि तेही गप्प झालं. मग लीलाने पुढचं वाचलं. ‘मला हिंमत नको आहे’ या ओळीला बंडूजी पडद्याआड जाऊन उभे राहिले.

मग तिची पाळी. तिने पुठ्ठा उघडला आणि नोंदवहीतली नावं वाचावीत तसं भरभर वाचत सुटली. नर्सची गोष्ट गेली, खिडकीची गेली. कोणी हसलं नाही. संताजींच्या पानांनंतर हसणार तरी कोण? चेंडू हातातून सुटून गटारीत जावा तसे एकेक विनोद चालले होते, आणि ती आणखी भरभर वाचत होती, की एकदाचं संपू दे.

“चाळीस वर्षं मी देवाकडे एकच मागितलं,” ती वाचत होती, “की या माणसाला घटकाभर गप्प कर. पण देवाचंही सरकारी कामच. अर्ज मंजूर होतो, पण...”

मेजाखाली तिच्या पायावर पाय पडला. डावा. आणि त्याने दाबलं.

बस झालं, असं तिला वाटलं. त्यांच्यात त्या दाबण्याचा दुसरा अर्थच नव्हता. ती वाक्याच्या मध्येच थांबली, तोंड उघडं, पान हातात. त्या थांबण्यात हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग सगळा हॉल. तिने संताजींकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघतही नव्हते, समोर बघत होते, पायाने मात्र तिला धरून ठेवलं होतं. हसणं पुरतं ओसरल्यावर त्यांनी पाय उचलला.

“...पण मागितल्यापेक्षा जास्तच मिळतं,” तिने वाचलं, आणि यावेळी कोणी हसलं नाही.

पुढचं सगळं तसंच झालं. ते दाबायचे, ती थांबायची, लोक हसायचे. ते पाय उचलायचे, ती पुढे जायची. लोकांना वाटलं असेल, लीलाकाकूंचं काय टायमिंग आहे! शेवटचं पान आलं. ते तिने वाचलं आणि पुठ्ठा मिटला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मिताली पहिल्या रांगेत ओंजळीत तोंड धरून बसली होती. बंडूजी आणि अश्विन चाकांची खुर्ची घेऊन वर आले.

संताजींचा पाय तिच्या पायावर आला.

“अहो, संपलं,” ती हळूच म्हणाली. “पानं संपली.”

त्यांनी दाबलं. टाळ्या अजून ओसरल्या नव्हत्या. तिने बंडूजींना हाताने थांबायची खूण केली आणि तीही थांबली.